पाळतीवरची चित्रं

मी संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला मला पकडल्याचा आनंद नको. दूध उतू गेलं तरी मला वाटतं, गॅस कुणीतरी मुद्दाम मोठा केला असणार. माझी नणंद म्हणते, "तू आरशात बघतानासुद्धा मागे कोण उभं आहे ते आधी बघतेस." बघते. त्यात काय चुकलं?

तर गेल्या वर्षी माझी चोरी व्हायला लागली. पैसाअडका नव्हे, दागिना नव्हे. मी चित्रं काढते, आणि माझ्या चित्रांमधली युक्ती कुणीतरी पळवत होतं. पोलिसांकडे जाऊन सांगावं तर ते आधी पाणी देतील आणि मग घरच्यांना बोलावून घेतील, अशी ही चोरी.

आमचं घर दुकानाच्या वर आहे. खाली नवऱ्याचं फ्रेमचं दुकान: काचा, पट्ट्या, करवतीचा भुसा आणि सरसाचा वास. दुकानातून वर यायला लाकडी जिना, आणि जिना संपतो तिथेच माझी चित्रांची खोली. खोलीत उत्तरेची एक खिडकी, एक टेबल आणि भिंतीला टेकवून ठेवलेले जाड पुठ्ठे. दुकानात उरलेले पुठ्ठे नवरा मला आणून देतो, आणि नवीन काही करून बघायचं असलं की मी आधी त्यांच्यावर करते. चांगला कागद महाग पडतो आणि बिघडला की जीव जातो. पुठ्ठ्यांचं तसं नसतं.

चित्रकला मी सरांकडे शिकले. सर म्हणजे आमच्या गावात चित्रकलेतला शेवटचा शब्द. शाळा सुटल्यापासून मी त्यांच्याकडे जात होते. त्यांची शिकवायची पद्धत वेगळीच. तोंडाने ते कधी चूक सांगायचे नाहीत. मुलांनी आपली चित्रं त्यांच्या कपाटामागे गुपचूप सरकवून ठेवायची. सर ती बघायचे आणि तेच चित्र स्वतः पुन्हा काढून वर्गाच्या भिंतीवर लावायचे. त्याला आम्ही 'दुरुस्ती' म्हणायचो. आपलं कोणतं ते ज्याचं त्याला कळायचं, बाकी कुणाला नाही. मोठी मायेची पद्धत होती. फक्त इतकी वर्षं दुरुस्त होता होता माझा हात कधी सरांचा होऊन गेला, ते मला कळलं नाही.

ते कळलं गॅलरीवाल्या बाईंमुळे. या बाई चष्मा डोळ्यांपेक्षा केसांवरच जास्त वेळ ठेवतात. मी माझी चित्रं त्यांच्या टेबलावर मांडली. त्यांनी ती सगळी नीट बघितली आणि मला विचारलं, "सर कसे आहेत?"

माझ्या चित्रांसमोर उभं राहून त्यांनी सरांची तब्येत विचारली. मी "बरे आहेत" म्हटलं आणि कान गरम झाले.

"वर्षाच्या शेवटी माझा हॉल रिकामा आहे," बाई म्हणाल्या. "तुमची चित्रं घेऊन या, मी लावते. पण तुमची. ही मी सरांकडूनच घेईन ना."

माझा इतका सरळ अपमान कुणी केला नव्हता, आणि इतका खराही. घरी येऊन मी ब्रश धुऊन उलटे ठेवून दिले. ठरवलं, ज्या हत्याराने सरांनी शिकवलं त्याला आता हातच लावायचा नाही.

पहिल्यांदा मी कंगवा घेतला. रंग चांगला जाड थापायचा आणि तो ओला असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने ओढायचा. तीन-चार पुठ्ठे वाया गेले, ते भिंतीकडे तोंड करून ढिगात लावले. मग एक जमलं. पावसात उभा असलेला माणूस होता, आणि पाऊस खरोखर ओढल्यासारखा दिसत होता. आनंदाच्या भरात मी नवऱ्याला कंगवाही मिळू दिला नाही. तो दोन दिवस केस हाताने सारखे करत होता.

थोड्या दिवसांनी सरांची नवी चित्रं फ्रेमसाठी दुकानात आली. ती नेहमीच येतात. मी खाली उतरले, सहज कागद बाजूला केला आणि तिथेच थबकले. वरच्याच चित्रात ओल्या रंगावरून कंगवा ओढलेला होता.

एवढ्यावर मी काही बोलले नाही. म्हटलं, असेल योगायोग. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मग मी मेणबत्ती घेतली. कागदावर आधी मेण घासायचं आणि वरून पातळ रंग सोडायचा. मेण असेल तिथे रंग धरत नाही, बाकी सगळीकडे पसरतो. पुन्हा काही पुठ्ठे बिघडले, पुन्हा एक-दोन बरी जमली. आणि सरांच्या पुढच्या गठ्ठ्यात मेण! तिसऱ्यांदा मी ओल्या रंगावर मीठ टाकून बघितलं. मीठ पाणी ओढून घेतं आणि रंगात बारीक चांदण्यांसारखे ठिपके उठतात. सरांनीही उठवले. आणि खरा जाळ कसला, सांगू का? त्यांचं माझ्यापेक्षा छान जमलं होतं. माझं मेण कुठेतरी चुकलं होतं, त्यांनी ते बरोबर जागी लावलं होतं. आता मी ही चित्रं बाईंकडे नेली असती तर त्यांनी पुन्हा सरांची तब्येतच विचारली असती. म्हणजे माझे तीनही प्रयोग गेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा मोठा माणूस, आणि शिष्येच्या घरात हात घालतो? आणि घालतो कुणामार्फत?

आमच्या घरात वर येणारी माणसं दोनच. नवरा आणि नणंद. नणंद समोरच राहते आणि दुपारी माझ्या खोलीत येऊन बसते, कारण तिच्या घरात ऊन येतं म्हणे. तिच्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. आधी मी तिलाच धरलं. पण तिला विचारून काय उपयोग? ती देवाशपथ म्हणाली असती आणि वर माझं विचारणंसुद्धा चार घरी सांगून आली असती. म्हणून मी सापळा लावला.

"ताई," मी एका दुपारी आवाज खाली आणून म्हटलं, "कुणाला सांगू नका हं. मी आता साबणाच्या फुग्यात रंग घालून ते कागदावर फोडते."

"अगंबाई! आणि मग?"

"मग काय, चित्र."

"माझ्या तोंडून एक शब्द जायचा नाही," ताई म्हणाल्या आणि चहा अर्धा टाकून उठल्या.

आठवड्याभरात गल्लीतली सगळी पोरं रंगीत फुगे फोडत होती. दोन घरांच्या भिंती खराब झाल्या, एका आजोबांचा पांढरा सदरा गेला. पण सरांच्या गठ्ठ्यात फुग्याचा एकही डाग नव्हता. ताई सुटल्या.

राहिला नवरा.

आता माझा नवरा म्हणजे कसा, तर शीळ घालत काम करणारा माणूस. रागावला तरी कळायला दुपार होते. आम्ही एकमेकांना सरांच्या वर्गातच भेटलो. तो वडिलांबरोबर फ्रेमा पोचवायला यायचा, आणि मी एकदा त्याला कोपऱ्यातलं खिळ्याचं भोक दाखवून भांडले होते. इतका साळसूद माणूस काही लपवत असेल असं कुणाला वाटेल? म्हणूनच मला वाटलं. सरांच्या घरी फ्रेमा पोचवायला तोच जातो. एके दिवशी परत आला तेव्हा मी भाजी निवडता निवडता विचारलं, "काय म्हणाले सर?"

"काही नाही. तुझी चौकशी केली."

"कसली चौकशी?"

"काम जोरात चाललंय म्हणाले तुझं."

माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. "त्यांना कसं कळलं?"

"मला काय माहीत? मी म्हटलं, हो, चाललंय. हां, आणि म्हणाले, सांग तिला, बघतोय म्हणून."

बघतोय! आता बोला. चोर घर फोडून वर निरोप पाठवतो, आणि तो निरोप माझा नवरा शीळ घालत आणून देतो. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो पाणी पीत होता.

त्या दिवसापासून मी त्याच्यावर पाळत ठेवली. आमच्या जिन्याच्या पायऱ्यांमध्ये फटी आहेत. वरच्या पायरीवर बसून मान वाकवली की खालचं दुकान दिसतं. तो बाकावर वाकलेला असायचा: वरून त्याचं मधलं टक्कल, खांदे, आणि खांद्यांच्या पुढे फक्त दोन हात. दाराच्या फटीतून दिसायची त्याची अर्धी पाठ. पट्ट्यांच्या रॅकमागून दिसायचा एक कान आणि करवत. दुपार दुपार मी अशी बसून काढली. खरं सांगते, लग्नाआधीसुद्धा मी त्याला इतकं बघितलं नव्हतं. त्याने काय केलं? पट्ट्या कापल्या, काचा पुसल्या, सरस लावला. एकदा डबा उघडून खारे शेंगदाणे खाल्ले आणि इकडेतिकडे बघून डबा परत लपवला. डॉक्टरांनी त्याला मीठ बंद केलंय. ते गुपित मला मिळालं, पण हवं होतं ते मिळेना.

शेवटी मी दुसरा सापळा रचला. ठरवलं, असं काहीतरी करायचं की शहाणा माणूस त्याची नक्कल करणारच नाही. तरीही ते सरांच्या कागदावर दिसलं, तर मग पुरावा पक्का. मी एक पुठ्ठा घेतला आणि उरलेसुरले, वाळत आलेले, एकमेकांशी न जमणारे रंग एकावर एक थापले. पिवळा, त्यावर काळपट लाल, त्यावर निळा, त्यावर घाणेरडा राखाडी. प्रत्येक थर उन्हात वाळवला. मग खालून पॉलिश पेपर आणला, फ्रेमच्या पट्ट्या गुळगुळीत करतात तो, आणि घासायला बसले. रंग लावायचा नाही, काढायचा. राखाडी घासला की निळा दिसतो, जोर केला की लाल, हात दुखेपर्यंत घासलं की तळाचा पिवळा. काय काढायचं ते ठरवलं नव्हतं. मनात राग होता आणि डोळ्यासमोर दुसरं काही नव्हतंच, म्हणून जिन्यावरून दिसतो तसा नवराच घासून काढला. टक्कल, खांदे, दोन हात. टकलावर मी जरा जास्तच जोर केला, तिथे पिवळा निघाला. बोटांची सालं गेली. काम झाल्यावर मी त्याच्याकडे नीट बघितलंही नाही. सापळ्यातल्या तुकड्याकडे कोण बघत बसतं? भिंतीकडे तोंड करून तो पुठ्ठा ढिगाच्या पुढे ठेवला आणि दार मुद्दाम उघडं टाकलं.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा जागेवर नव्हता.

मी जिन्यावर बसून रडले. हे मला अपेक्षित नव्हतं. चोर सापडला की माणसाला बरं वाटायला हवं. मला वाटत होतं, देवा, ताईंवरच्या संशयासारखा हाही संशय खोटा निघू दे. खाली शीळ चालू होती.

मी त्याला काही विचारलं नाही. आधी पुरावा हातात हवा होता. पण सरांकडून नवा गठ्ठा येईना. एक आठवडा गेला, मग आणखी काही दिवस. बाईंचा फोन येऊन गेला, चित्रं कुठवर आली म्हणून. मी म्हटलं, येतायत. माझ्याकडे द्यायला एक चित्र नव्हतं, नवऱ्याशी मी तुटक बोलत होते आणि सर गप्प बसले होते. शेवटी एका सकाळी चपला घातल्या आणि थेट सरांचं घर गाठलं.

दार त्यांनीच उघडलं. बरेच थकलेले दिसले. "आलीस? ये," म्हणाले, जणू मी येणार हे ठरलेलंच होतं. मी मनात शब्द जुळवूनच आले होते. पण आत पाऊल टाकलं आणि ते शब्द गेले कुठे कोण जाणे.

समोर माझा पुठ्ठा उभा करून ठेवला होता. त्याच्या आजूबाजूला, जमिनीवर, टेबलावर, खुर्चीत, सरांचे पुठ्ठे. सगळे थापलेले आणि घासलेले. कुठे थर आरपार फाटला होता, कुठे सगळा चिखल झाला होता. एकही जमलेला नव्हता.

"बाकीच्यांची दुरुस्ती केली मी," सर म्हणाले. "कंगव्याची, मेणाची, मिठाची. बघितलीस ना? तू काही बोलली नाहीस. पण ह्याची होत नाही. किती दिवस बसलोय."

"दुरुस्ती?" मी म्हटलं. "सर, मी तुम्हाला काही पाठवलंच नाही."

"मग हे कुणी पाठवलं? माझ्या फ्रेमांच्या मागून?" त्यांनी पुठ्ठा उलटा केला. कडेला आमच्या दुकानाची चिकटपट्टी होती. "फ्रेम आली की मी मागून उघडून बघतो. तुझा नवरा असला म्हणून काय झालं, खराब चिकटपट्टी लावली तर कागद पिवळा पडतो. उघडलं की आत तू. म्हटलं, मोठी झाली पोरगी, तोंडाने विचारायला लाजते. पूर्वी कपाटामागे ठेवायची, आता फ्रेममागे ठेवते. निरोपही दिला मी, बघतोय म्हणून."

मला हसावं की रडावं कळेना. मी खाली बसले. सरांना सगळं सांगितलं, चोरी, पाळत, साबणाचे फुगे. त्यांना मी चोर म्हटलं तेही सांगितलं. सर बराच वेळ हसले. मग गंभीर झाले आणि माझ्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

"हा माणूस कोण?"

"माझा नवरा."

"असा का दिसतो? कुणीतरी लपून बघितल्यासारखा?"

"लपूनच बघितलाय."

"तरीच," सर म्हणाले. "मी घासतो तो रंग. तू काय घासतेस ते मला येत नाही." त्यांनी पुठ्ठा माझ्या हातात दिला. तेव्हा मी तो पहिल्यांदा नीट बघितला. सरांचं त्यात काही नव्हतं. एक बोटभरसुद्धा नाही. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते मी नवऱ्याला पकडायला म्हणून करून ठेवलं होतं.

घरी आले तेव्हा नवरा काच कापत होता. काच कापून होईपर्यंत मी थांबले, तेवढी अक्कल मला आहे.

"माझे पुठ्ठे तू फ्रेमला मागे लावतोस?"

"बिघडलेले? हो. तूच म्हणालीस ना, ढीग ने, जाळ, काय वाटेल ते कर. जाळायचे कशाला, चांगले जाड पुठ्ठे आहेत. रंगाची बाजू आत घालतो, बाहेरून कोरं दिसतं." तो जरा घाबरला. "का गं? नको होतं का लावायला?"

"हा कशाला नेलास?"

त्याने पुठ्ठा हातात घेऊन फिरवला. "हा तर घासून पुसलेला दिसला. म्हटलं, हा नक्कीच बिघडलाय."

त्यात तो स्वतः आहे हे त्याला ओळखू आलं नव्हतं. स्वतःचं टक्कल वरून कोण बघतं? मीही सांगितलं नाही. "काही नाही, लागेल मला," म्हटलं आणि वर गेले.

मग मला थांबवणारं कुणी उरलं नाही. मी बाकीची दुपारं घासून काढली. दाराच्या फटीतली अर्धी पाठ. रॅकमागचा कान आणि करवत. शेंगदाण्यांच्या डब्यात घातलेला हात. मला आठवायची गरजच पडत नव्हती, सगळं डोळ्यांत पाठ होतं. बाई खोलीत आल्या, चष्मा केसांवरून डोळ्यांवर आणला आणि सरांचं नावही काढलं नाही.

हॉल उघडला त्या दिवशी सर आले. प्रत्येक चित्रासमोर उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "ह्यात मी कुठेच नाही गं." त्यांना आनंद झाला होता आणि वाईटही वाटलं होतं. दोन्ही त्यांनी लपवलं नाही. ताई आल्या आणि भर गर्दीत ओरडल्या, "अगंबाई, हा तर आमचा दादा!"

तेव्हा नवऱ्याला कळलं. तो पुन्हा पहिल्या चित्रापासून सुरू झाला. हात मागे बांधून, शीळ न घालता, एकेका चित्रासमोर थांबत. मी त्याच्या मागोमाग चालत होते. शेंगदाण्यांच्या चित्रापाशी तो जास्त वेळ थांबला.

"ही सगळी तू जिन्यावरून बघितलीस?"

"जिन्यावरून. दाराआडून."

"का?"

मला खोटं बोलता आलं असतं. "मला वाटत होतं, माझ्या युक्त्या तू सरांना विकतोस."

तो चित्रांकडे बघत राहिला. लोक येत होते, माझ्याशी हात मिळवत होते, असं काम बघितलं नाही म्हणत होते, आणि मी प्रत्येकाचे आभार मानत नवऱ्याच्या पाठीकडे बघत होते.

"चांगली झालीयत," तो शेवटी म्हणाला. "खरंच चांगली झालीयत. पण एकदा तरी समोर येऊन विचारायचंस."

आता महिने झाले. बाई आणखी चित्रं मागतायत आणि मी देतेय. मध्ये एकदा मी त्याला खुर्चीत माझ्यासमोर बसवलं आणि म्हटलं, आज तुझा चेहरा काढते. तो शहाण्यासारखा बसला. मी थर दिले, वाळवले, घासायला घेतलं. दुपार गेली, आणि पुठ्ठ्यावर नुसता चिखल झाला.